लस उठली की हात चिघळला?

१३ डिसेंबर २००२ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी देवीच्या लसीकरणाची मोहीम जाहीर केली, तेव्हा जगातून देवी जाऊन पाव शतक उलटलं होतं. अकरा सप्टेंबरचा हल्ला आणि पाठोपाठ टपालातून आलेली अँथ्रॅक्सची पाकिटं यांनी हादरलेल्या सरकारला एकच धास्ती होती. कुणीतरी, कुठूनतरी देवीचा विषाणू मिळवील आणि तो हत्यार म्हणून सोडील. म्हणून सैनिकांना लस सक्तीची झाली. नागरी दवाखान्यांतल्या सुमारे पाच लाख कर्मचाऱ्यांनी ती स्वेच्छेने घ्यावी अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात पुढे आले जेमतेम चाळीस हजार. सैन्यात मात्र २००३ चा मे महिना संपेपर्यंत साडेचार लाख लोकांना टोचून झालं होतं.

देवी काही आली नाही. पण लस टोचलेले लाखो प्रौढ हात डॉक्टरांसमोर आले आणि तिथे पंचाईत झाली. अमेरिकेत देवीचं सरसकट लसीकरण १९७२ मध्येच थांबलं होतं. तिशी-पस्तिशीतल्या डॉक्टरने ही लस कुणाला टोचताना पाहिलेली नव्हती, टोचल्यावर हात कसा दिसतो हेही पाहिलेलं नव्हतं. आमच्या आजीच्या पिढीतल्या कुठल्याही बाईने दुरून पाहून ‘देवी छान उठल्यात हो’ असं सांगितलं असतं, तिथे हे उच्चशिक्षित लोक जंतुसंसर्ग झाला समजून अँटिबायोटिक लिहून देण्याच्या बेतात होते. त्यांना हसण्यात अर्थ नाही. रोजच्या पाहण्यातली गोष्ट एका पिढीत नाहीशी झाली, की तिचं निरोगी रूपसुद्धा आजारासारखं दिसायला लागतं. त्या दोन-तीन वर्षांत डॉक्टरांना नव्याने शिकायला लागलं ते मुख्यतः एवढंच, की या लसीनंतर त्वचेवर जे जे उमटतं त्यातलं बहुतेक निरुपद्रवी असतं. आणि जे निरुपद्रवी नसतं ते ओळखायला आधी निरुपद्रवी कसं दिसतं ते माहीत असावं लागतं.

आधी ती लस टोचतात कशी ते पाहू, कारण इतर कुठल्याही लसीशी तिचं साम्य नाही. हिला सिरिंज लागत नाही. बोटभर लांबीची, पुढे दोन टोकं असलेली एक स्टीलची सुई असते. बेंजामिन रुबिन नावाच्या संशोधकाने १९६५ मध्ये वायेथ कंपनीत ती तयार केली. ही सुई लशीच्या कुपीत बुडवली की दोन टोकांच्या मधल्या फटीत लशीचा एक बारीकसा थेंब अडकून राहतो. मग दंडावर पाव इंचाहूनही लहान जागेत भराभर टोचे मारायचे. पूर्वी कधीच लस न घेतलेल्याला आधी तीन टोचे पुरेसे मानत, नंतरच्या लशीत सगळ्यांनाच पंधरा. पंधरा-वीस सेकंदांत रक्ताचा एक ठिपका दिसला पाहिजे. तो दिसला नाही तर टोचे वरवर पडले असं समजायचं. स्पिरिटचा बोळा आधी फिरवायचा नाही, आणि फिरवलाच तर कातडी पुरती वाळू द्यायची, नाहीतर लसच मरते. कारण या लशीत असतो जिवंत विषाणू. तो देवीचा नसून देवीच्या गोतातला, व्हॅक्सिनिया नावाचा असतो आणि त्याने दंडाच्या कातडीत वाढावं यासाठीच त्याला तिथे सोडलेलं असतं. म्हणजे या लशीचा त्वचेवरचा परिणाम हा तिचा दुष्परिणाम म्हणताच येत नाही. ती त्वचेवरच काम करते.

ते काम दिवसांच्या हिशेबाने चालतं. पहिले दोन दिवस काहीच दिसत नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी टोचल्या जागी एक लालसर, टणक पुळी येते आणि खाज सुटते. पाचव्या-सहाव्या दिवशी त्या पुळीत पाणी भरतं. तिचा पारदर्शक फोड होतो आणि मधोमध एक खळगी पडते. सातव्यापासून पाणी गढूळ होत जातं. आठ ते दहा या दिवसांत फोड पुवाने टच्च भरतो, भोवती लाल कडं पसरतं, ते हाताला गरम लागतं, दंड जड होतो. काखेत गाठ येते, आपल्याकडे ज्याला अवधाण येणं म्हणतात तेच. अंग मोडून येतं, कणकण वाटते. त्यानंतर फोड मधून सुकायला लागतो, त्यावर काळपट खपली धरते आणि टोचल्यापासून दोन ते तीन आठवड्यांत ती गळून पडते. खाली उरतो तो आधी गुलाबी आणि मग फिका पडत जाणारा व्रण.

या सगळ्यात वाचकाने एका गोष्टीवर जरा थांबावं. तो पू. पू म्हटला की जंतू, हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलेलं असतं की त्याबद्दल शंकाच येत नाही. पण या फोडातला पू बहुतेक वेळा जिवाणूंशिवायच झालेला असतो. विषाणूने ग्रासलेल्या पेशी आणि त्यांच्यावर तुटून पडलेल्या पांढऱ्या पेशी यांचा तो चिखल. त्यात अँटिबायोटिक काही करू शकत नाही, कारण तिथे मारण्यासारखं काहीच नसतं.

जागतिक आरोग्य संघटनेची पद्धत अशी, की टोचल्यानंतर सहाव्या ते आठव्या दिवशी हात तपासायचा. पाण्याचा किंवा पुवाचा फोड, किंवा मधल्या खपलीभोवती कडक झालेली लाल जागा दिसली तर लस लागली. त्याहून कमी काही दिसलं तर ते संदिग्ध, आणि पुन्हा टोचायचं. यामागे एक खोच आहे. एखाद्याचा हात दुसऱ्याच दिवशी थोडासा लाल झाला, खाजला आणि चार दिवसांत शांत झाला, तर माणूस खूश होतो; बरं झालं, आपल्याला काही त्रास झाला नाही. पण असा हात फसवा असू शकतो. लशीतल्या मेलेल्या विषाणूची किंवा इतर प्रथिनांची नुसती चीड शरीराने दाखवली, तरीही असंच दिसतं, आणि त्यातून संरक्षण मिळालं की नाही ते सांगता येत नाही.

लहानपणी लस घेतलेल्या माणसाला मोठेपणी पुन्हा टोचलं तर हेच नाटक आटोपशीर होतं. फोड लवकर येतो, लहान राहतो, लवकर सुकतो. देवीची लस शोधणाऱ्या एडवर्ड जेन्नरनेही अशी झटपट उठणारी लाली पाहिली होती. १७९८ च्या त्याच्या पुस्तकात मेरी बार्ज नावाच्या बाईची नोंद आहे. तिला एकतीस वर्षांपूर्वी गोदेवी, म्हणजे गाईंच्या देवी, येऊन गेलेल्या होत्या. नंतर देवीच्या फोडातलं पाणी टोचल्यावर टोचल्या जागी लगेच फिकट लाली आली आणि तेवढ्यावरच विरली. या निरीक्षणाचा अर्थ लावायला मात्र शंभराहून जास्त वर्षं लागली. व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के हे देवीची लस टोचलेले हात दिवसेंदिवस मोजत बसत. कडं किती रुंद झालं, कधी झालं, पहिल्यांदा टोचलेल्याला आणि दुसऱ्यांदा टोचलेल्याला यात किती दिवसांचा फरक पडला, हे सारं त्यांच्या वह्यांत असे. त्यांच्या लक्षात आलं, की ती लाली विषाणू एकटा घडवत नाही. विषाणू आणि त्याच्याशी सामना करायला शिकलेलं शरीर यांची गाठ पडते तेव्हा ती उमटते. पहिल्या खेपेला शरीराला शिकायला आठवडा लागतो, म्हणून कडं आठव्या-नवव्या दिवशी. दुसऱ्या खेपेला धडा पाठ असतो, म्हणून ते लवकर. शरीराच्या या बदललेल्या वागण्याला त्यांनी १९०६ मध्ये नाव दिलं: ॲलर्जी. आज धुळीची, शेंगदाण्याची, मांजराची ॲलर्जी म्हणताना कुणाला ते आठवत नाही, पण तो शब्द घडवणाऱ्या निरीक्षणांत देवीच्या लशीने लाल झालेले हात होते.

आता अमेरिकेतल्या पंचाइतीकडे परत. प्रौढ माणसाला आयुष्यात पहिल्यांदाच ही लस टोचली तर हात फारच जोरात उठू शकतो. सेंट लुईस विद्यापीठातल्या शॅरन फ्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८ ते ३२ वयाच्या, कधीच लस न घेतलेल्या ६८० निरोगी माणसांवर केलेला अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. मुळात प्रश्न साठ्याचा होता. जुनी लस पाणी घालून वाढवली तर चालेल का? चालेल, असं उत्तर मिळालं. दहापट पातळ करूनही शंभरातल्या सत्त्याण्णवांहून जास्त लोकांना लस लागली. पण त्याच अभ्यासात हेही दिसलं, की एक तृतीयांशाहून जास्त लोकांना काम, कॉलेज किंवा करमणूक बुडवण्याइतका किंवा झोप उडण्याइतका त्रास झाला. हे सगळे तरणेताठे, आणि तरीही.

काहींच्या दंडावरची लाली तीन इंचांच्या पलीकडे पसरे. कोपरापर्यंत सूज, काखेत ठणका, काखेकडे जाणारी तांबडी रेघ. पहिल्यांदा लस घेणाऱ्या प्रौढांत शंभरातल्या सोळांपर्यंत हे आढळतं असं तेव्हा नोंदवलं गेलं. डॉक्टरने घाबरून जावं असंच चित्र. कातडीखाली जिवाणू पसरले की नेमकं असंच दिसतं, आणि तिथे हयगय केली तर जिवावर बेततं. मग ओळखायचं कसं? मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत आवडलेली गोष्ट ही, की याचं उत्तर कुठल्या महागड्या तपासणीत नसून कॅलेंडरात आहे. लशीची स्वतःची लाली शिगेला पोचते ती आठव्या ते दहाव्या दिवसाच्या आसपास, आणि मग काही न करता एक ते तीन दिवसांत उतरायला लागते. जिवाणूंची लागण एकतर त्याआधीच, पहिल्या पाच दिवसांत होते, नाहीतर महिना उलटल्यावर. आणि ती आपोआप उतरत नाही, चढत जाते. तेव्हा लालीच्या कडेने पेनाची रेघ ओढून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी पाहायचं. रेघ ओलांडून लाली पुढे गेली, ताप वाढला, दुर्गंधी आली, तर विचार बदलायचा. तोवर हाताला विश्रांती, दुखण्यावर गोळी, खाजेवर ॲलर्जीची गोळी. मलम कुठलंही नाही. स्टेरॉइडचंही नाही आणि अँटिबायोटिकचंही नाही.

दुसरा घोटाळा झाला अंगावरच्या पुरळाचा, आणि तो उलगडला टेनेसी राज्यात नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात. तिथे १४८ प्रौढ स्वयंसेवकांना लस टोचली होती. तीसुद्धा १९५० च्या दशकात तयार होऊन गोठवून ठेवलेल्या साठ्यातली, इतकी वर्षं टिकून राहिलेली. आठवडा-दीड आठवडा गेला आणि काहींच्या अंगावर लाल पुळ्या दिसायला लागल्या. चौघांना छाती-पाठीपासून हातापायांपर्यंत सर्वत्र, आणखी अकरा जणांना एखाद्याच भागात. काही पुळ्यांच्या टोकावर पू. देवीच्या लशीनंतर अंगभर पुवाळलेल्या पुळ्या म्हटल्यावर कुठल्याही पाठ्यपुस्तकातलं पान डोळ्यांसमोर येतं: विषाणू रक्तात शिरून सगळीकडे पसरला. लस टोचताना ज्याची भीती बाळगायची त्या यादीतलंच हे एक.

तिथल्या डॉक्टरांनी घाई केली नाही. टॉम टॅलबट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या पुळ्यांचे नमुने घेतले. विषाणू वाढतो का पाहिलं, वाढला नाही. त्याचा जनुकीय मागमूस शोधला, मिळाला नाही. एका पुळीची कातडी कापून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली तेव्हा दिसलं, की सगळी गडबड केसाच्या मुळाशी आहे. केस जिथून उगवतो त्या बारीक पिशवीत आणि तिच्या भोवती पांढऱ्या पेशींची गर्दी, आणि विषाणूची एकही खूण नाही. म्हणजे आपल्याकडच्या साध्या केसतोडाचाच भाऊबंद. औषध न देता सगळे बरे झाले. २००३ च्या जून महिन्यात हे संशोधन प्रसिद्ध झालं आणि पुढे सैनिकी दवाखान्यांतही अशा पुळ्यांच्या हकिकती नोंदवल्या गेल्या. विषाणू तिथे नसताना केसांची मुळं का बिथरतात, हा प्रश्न त्यातून उरतोच. लशीने खवळलेल्या प्रतिकारशक्तीचे शिंतोडे, एवढंच म्हणता येतं.

त्यातून मागच्या आकड्यांकडेही जरा संशयाने पाहावंसं वाटतं. १९६८ मध्ये अमेरिकेतल्या दहा राज्यांत केलेल्या पाहणीत पहिल्यांदा लस घेणाऱ्या दर दहा लाखांमागे सुमारे २४० जणांच्या अंगभर व्हॅक्सिनिया पसरल्याची नोंद आहे. तेव्हा विषाणूचा जनुकीय शोध घेण्याची सोय नव्हती. डोळ्यांनी पाहून निदान व्हायचं. त्यातले किती खरोखर व्हॅक्सिनियाचे आणि किती केसतोडाचे? माझ्या मते मोठा हिस्सा दुसऱ्यांचा असणार, पण आता ते हात तपासायला कुठून आणायचे?

बाकीच्या बारीकसारीक तक्रारींत फार वेळ घालवण्याची गरज नाही. मुख्य फोडाशेजारी दोन-चार पिल्लं उठतात. तीही त्याच्याबरोबर सुकतात. काहींच्या अंगावर गांधी उठतात, काहींना गोवरासारखं पुरळ येतं, काहींना तळहातांवर आणि हातापायांवर चकत्यांसारखे लाल गोल डाग. हे बहुधा दुसऱ्या आठवड्यात येतात आणि आपसूक जातात. तोंडात, डोळ्यांत फोड आले आणि कातडी सुटायला लागली तर मात्र तो वेगळा, गंभीर प्रकार. सुदैवाने फारच विरळा. एक तक्रार तर लशीची नव्हतीच. दवाखान्यातल्या कर्मचाऱ्यांनी आपला विषाणू रोग्यांना देऊ नये म्हणून त्यांच्या दंडावर जाळीदार कापड, त्यावर पारदर्शक चिकटपट्टी आणि त्यावर लांब बाह्या, असा बंदोबस्त असे. चिकटपट्टीच्या डिंकाने कातडी चौकोनी आकारात लाल होई, घामाने पांढरी पडून सोलवटे. ज्याची कड सरळ रेषेत, तो दोष पट्टीचा, इतकं सोपं निदान वैद्यकात क्वचितच मिळतं.

इथपर्यंत सगळं सौम्य. पण पट्टी बांधायची ती उगीच नव्हे. टोचल्यानंतर दोन-तीन दिवसांपासून खपली पडेपर्यंत त्या फोडात जिवंत विषाणू असतो. झोपेत हात खाजवला आणि त्याच बोटांनी डोळे चोळले, की पापणीवर दुसरा फोड. त्याच १९६८ च्या पाहणीत सर्वांत जास्त आढळलेला प्रकार हाच होता. पहिल्यांदा लस घेणाऱ्या दहा लाखांमागे सुमारे ५३०. चेहरा, नाक, ओठ, जननेंद्रियं या नेहमीच्या जागा. बहुतेक बरे होतात, पण बुबुळापर्यंत गेलं तर दृष्टीवर बेततं. म्हणून हात धुणं, टॉवेल वेगळा ठेवणं, काढलेली पट्टी आणि पडलेली खपलीसुद्धा प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून टाकणं.

खरं भय असतं ते इसब असलेल्यांना. त्यांची कातडी विषाणूला आत यायला वाटच देते, आणि इसब आज दिसत नसला, लहानपणी होऊन गेला असला, तरी धोका उरतो. २००७ च्या मार्चमध्ये शिकागोत दोन वर्षांचा एक मुलगा रुग्णालयात आला. त्याला लस टोचलेली नव्हती. टोचली होती ती त्याच्या सैनिक वडिलांना. बाळाला इसब होता, आणि वडिलांच्या दंडावरचा विषाणू त्याच्या अंगभर पसरला. त्याला वाचवायला व्हॅक्सिनियाविरुद्धची प्रतिपिंडं आणि तोवर प्रयोगावस्थेत असलेलं एक औषध द्यावं लागलं. मुलगा वाचला. वडिलांच्या दंडावरचा फोड मात्र अगदी नेहमीसारखा होता. आणि हेही लक्षात ठेवावं, की या मोहिमेत डॉक्टरांची सर्वांत मोठी धांदल उडवणारा परिणाम त्वचेवर नव्हताच. काही सैनिकांच्या हृदयाच्या स्नायूला आणि भोवतालच्या आवरणाला सूज आली. दंडाकडे बघून त्याचा अंदाज येत नसे. छातीत दुखलं तरच कळे. त्यानंतर हृदयविकार असलेल्यांना या लशीपासून दूर ठेवण्यात आलं.

आपल्याकडे या लशीची वाट मुंबईतूनच सुरू झाली. व्हिएन्नाहून बगदाद आणि बसरामार्गे आलेली लस १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली. हिंदुस्थानात लस लागलेली ती पहिली व्यक्ती. तिच्या फोडातलं पाणी पुढच्या मुलांना, त्यांचं त्यापुढच्यांना, असं हातोहात ते पुण्या-सुरतेकडे आणि दक्षिणेत गेलं. तेव्हा शीतपेटी नव्हती. फोड आलेली मुलं हीच लशीची कुपी होती. म्हणून फोड चांगला उठणं ही आईबापांची आणि टोचणाऱ्याची, दोघांचीही गरज असे. नंतर वासरांच्या कातडीवर लस वाढवायला सुरुवात झाली. बेळगावच्या व्हॅक्सिन इन्स्टिट्यूटमध्ये ती कित्येक वर्षं तयार होत होती.

साठीच्या पुढच्या वाचकांनी आपला दंड किंवा मनगटापाशी हात पाहावा. बहुतेकांच्या हातावर रुपयाच्या नाण्याएवढे दोन, कधी चार व्रण असतील. ते दुतोंडी सुईचे असतीलच असं नाही. आपल्याकडे १९७० च्या सुमारापर्यंत एक गोल चकतीचं, दातेरी हत्यार वापरात होतं. ते कातडीवर दाबून गरकन फिरवायचं. त्याने कातडी चांगलीच सोलली जायची, आणि व्रण मोठे पडायचे ते लस जास्त लागली म्हणून नव्हे, हत्यार खरबरीत होतं म्हणून. चाळिशी-पन्नाशीच्या आतल्यांच्या डाव्या खांद्याजवळ जी एक लहान, उठावदार खूण असते ती देवीची नव्हे, जन्मल्यावर दिलेल्या क्षयाच्या बीसीजी लशीची. दोन्हींत फोड येतो, दोन्ही व्रण ठेवतात, आणि ‘मला देवी काढल्यात, ही बघा खूण’ असं बीसीजीची खूण दाखवून सांगणारे तरुण मला भेटलेले आहेत. भारतात देवीचा शेवटचा रोगी १९७५ च्या मे महिन्यात सापडला, जगातून ती गेल्याचं ८ मे १९८० रोजी जाहीर झालं. त्यानंतर जन्मलेल्याच्या हातावर देवीची खूण असण्याचं कारण नाही.

मग हे सगळं आता कशाला, असं कुणी विचारील. कारण हा विषय पुरता बंद झालेला नाही. जपानमध्ये १९७० च्या दशकात सो हाशिझुमे यांनी मुद्दाम दुबळा केलेला एक लस-विषाणू तयार केला. २००२ नंतर तिथल्या संरक्षण दलातल्या तीन हजारांहून जास्त प्रौढांना तो टोचला तेव्हा पहिल्यांदा घेणाऱ्यांत शंभरातल्या चौऱ्याण्णवांना तो लागला, आणि त्वचेच्या नोंद घेण्याजोग्या तक्रारी आल्या त्या मोजून दोघांच्या. दुसरी लस आहे माणसात वाढूच न शकणाऱ्या विषाणूची; तिचे चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस घ्यावे लागतात. तिने फोड येत नाही, खपली धरत नाही, दुसऱ्याला काही लागत नाही. २०२२ मध्ये मंकीपॉक्सची साथ आली तेव्हा हीच लस कामी आली. साठा पुरेना, म्हणून अमेरिकेत त्या ऑगस्टपासून ती कातडीखाली न देता कातडीतच, पाचव्या भागाइतकी द्यायला सुरुवात झाली. आणि पुन्हा तीच जुनी कहाणी: कोपराखाली हाताच्या आतल्या बाजूला लाल, टणक, खाजरी गाठ. ती आठवडे टिके. काहींच्या हातावर डाग सहा महिन्यांनंतरही होता. ही साथ ज्यांच्यात मुख्यतः पसरली होती त्या समलिंगी पुरुषांना तो डाग म्हणजे चारचौघांत आपली ओळख उघड करणारी खूण वाटायला लागली, तेव्हा खांद्यावर किंवा पाठीवर टोचून घेण्याची मुभा द्यावी लागली. त्वचेवरचा परिणाम सौम्य आहे की नाही, हे फक्त त्याच्या इंचांवरून ठरत नाही.

भारतात यातली कुठलीही लस नेहमीच्या लसीकरणात नाही. पण परदेशात शिकायला, कामाला गेलेल्या, प्रयोगशाळेत असे विषाणू हाताळणाऱ्या किंवा तिथल्या सैन्यात असलेल्या आपल्या मुलांवर ती घेण्याची वेळ येऊ शकते. तशी वेळ आली तर लस वाढणाऱ्या विषाणूची आहे की न वाढणाऱ्या, हे आधी विचारा. हात लाल झाला तर टोचल्याची तारीख डॉक्टरांना सांगा. आणि स्वतःला किंवा घरातल्या कुणालाही, विशेषतः लहान मुलाला, कधीकाळी इसब झाला असेल, तर ते सुई टेकण्यापूर्वी सांगा.